आखाजीचा पाव

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, होऊन दोन दिवस झाले होते. दुपारी अडीचला फोन वाजला. वैशाखातल्या त्या वेळेला जळगावात कुणी कुणाला फोन करत नाही. कूलरमध्ये पाणी ओतून, खिडक्यांवर ओल्या चादरी सोडून अख्खं गाव आडवं झालेलं असतं. पलीकडून एक बाई बोलत होत्या. आवाज साठीच्या पुढचा. अमळनेर तालुक्यातल्या एका गावाचं नाव सांगितलं, माझं पाव करायचं पुस्तक समोर उघडून ठेवलंय म्हणाल्या, पान ६२. मग जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘पाव फुगना नही, ताई. पीठ आंबट हुई गयं.’

अठरा वर्षं बातमीदारी केल्यामुळे असेल, समोरचा माणूस तक्रार घेऊन आला की माझ्या तोंडून आधी प्रश्न निघतात. यीस्टचं पाकीट जुनं होतं का? मीठ थेट यीस्टवर टाकलं का? पाणी किती गरम होतं? त्या प्रत्येकाचं उत्तर देत गेल्या. पाकीट नवं, मुलीनं सुरतहून आणलेलं. मीठ पिठात वेगळं मिसळलं. पाणी पुस्तकात लिहिलंय तसं, कोमट. मैदा काट्यावर मोजून ५०० ग्रॅम. घड्याळ लावून दोन तास झाकून ठेवलं. मुलगी आखाजीला माहेरी आली होती, दोन नातवंडं घेऊन. बाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं की नानी या वेळी घरी पाव करणार आहे. पोरं परातीभोवती बसून होती. झाकण काढलं तर कणीक परातीच्या तळाशी पसरलेली, वर बुडबुडे, आणि दारूसारखा वास. पोरं नाक धरून हसली. शेवटी तो गोळा गाईपुढे टाकला.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘तुम्ही पेपरात होत्या ना? पेपरात चुकलं तर दुसऱ्या दिवशी छापून येतं. पुस्तकातलं चुकलं तर कुठं छापता? म्हणजे मी तिथं बघेन.’

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरोखर ते पान बघायचं होतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी माझी वही काढली. पुस्तकातली प्रत्येक कृती मी निदान चार वेळा करून बघितली होती, आणि याचा मला अभिमान होता. पान ६२ च्या साध्या पावाचीही चार वेळची नोंद होती, वजनं ग्रॅममध्ये, वेळा मिनिटांत. मैदा ५००, पाणी ३२५, मीठ १०, कोरडं यीस्ट ५. चारही वेळा पाव उत्तम. मग मी तारखा बघितल्या. एक नोव्हेंबरच्या शेवटची, दोन डिसेंबरातल्या, एक जानेवारीतली. आपल्याकडे त्या दिवसांत पहाटे दात वाजतात आणि स्वयंपाकघरात सकाळी पारा २० अंशांच्या आसपासच असतो. कणीक दोन तास घेते, कारण तिला थंडी वाजत असते. आणि मी लिहून मोकळी झाले होते: ‘झाकून दोन तास उबदार जागी ठेवा.’ वैशाखात, ४४ अंशांत, खान्देशातल्या बाईला उबदार जागा शोधायला सांगितलं होतं मी.

पेपरात असताना नव्या पोरांना मी एक गोष्ट सारखी बजावायचे. भांडणाची बातमी आणलीत आणि चार जणांशी बोललात, पण चारही एकाच भावकीतले असतील, तर तुम्ही एकाच माणसाशी बोललात. माझे चारही पाव एकाच भावकीतले होते.

पावाकडे मी वळले ती पेपरमुळेच. रात्रीच्या डेस्कवर होते तेव्हा बाहेरगावची डाक आवृत्ती सोडून, मग शहर आवृत्तीचं पहिलं पान लावून निघायला दीड-दोन वाजायचे. ऑफिसमागच्या गल्लीत एक जुनी बेकरी होती, लाकडाच्या भट्टीची. त्या वेळेला जळगावात जागे असायचे ते पोलीस, रेल्वेचे लोक, आम्ही आणि बेकरीवाले. पहिल्यांदा गेले ती भुकेनं. नंतर नुसतीच जाऊन बसायला लागले. भट्टीचं तोंड इतकं बुटकं की माणसाला वाकून आत बघावं लागायचं. लाकडं पेटवून विटा तापवायच्या, मग निखारे बाजूला ओढून ओल्या पोत्यानं तळ पुसायचा, तेव्हा जो फस्सकन आवाज व्हायचा आणि वाफेबरोबर राखेचा, ओल्या तागाचा आणि कालच्या पावाचा असा मिळून जो वास यायचा, तो मला आजही कुठल्याही अत्तराआधी आठवतो. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावरून पत्रे आत सरकायचे. बाहेर यायची ती लादी, वर चॉकलेटी, कडांना पांढरी, एकमेकांना चिकटलेली. बेकरीवाले चाचा एक पाव तोडून माझ्या हातावर ठेवायचे. तो पाव या हातातून त्या हातात फेकत, फुंकर घालत खायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या आयुष्यातल्या वाईट गोष्टींना मथळे देऊन आलेलं डोकं तेवढ्यापुरतं शांत व्हायचं.

चाचांचं वय तेव्हाच सत्तरीचं असेल. उन्हाळ्यात गेलं की कणकेच्या लाकडी पेटीशेजारी भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी दिसायची. कामगारांच्या पाण्यासाठी असेल असं मी धरून चालले. आणि एकदा, मे महिन्यातच, पोरानं पेटी उघडायला उशीर केला तेव्हा चाचा त्याच्यावर ओरडले आणि मग माझ्याकडे वळून सांगितल्यासारखं म्हणाले, ‘गर्मी में आटा भागता है, बेटा. पकड के रखना पडता है.’ मी मान डोलावली. पाव संपवला. घरी जाऊन झोपले.

हे वाक्य मला त्या फोननंतर दोन दिवसांनी आठवलं. भांडी घासत होते. हात तसाच नळाखाली राहिला. मला सांगितलेलं होतं. बर्फ दाखवलेला होता. मी तिथं बातमीदार म्हणून बसले नव्हते, म्हणून लिहून घेतलं नाही. आणि पुढे पुस्तक लिहायला बसले तेव्हा परदेशी बेकरीशास्त्राचे जाड ग्रंथ चाळले, पण दोन गल्ल्या पलीकडच्या त्या माणसाकडे गेले नाही. मग जायला उशीर झाला. चाचा करोनाच्या पहिल्या वर्षात गेले. भट्टी पाडून तिथं आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.

बेकरीवाल्यांचं एक साधं गणित असतं. कणीक मळून झाल्यावर तिचं तापमान २६ अंशांच्या आसपास हवं असेल, तर २६ गुणिले ३ करायचं, म्हणजे ७८. त्यातून खोलीचं तापमान वजा करायचं, पिठाचं वजा करायचं. उरेल तेवढ्या अंशांचं पाणी घ्यायचं. हिवाळ्यात माझी खोली २० आणि पीठ १९, म्हणून पाणी ३९, म्हणजे कोमट. त्या बाईंची खोली ४० धरा आणि डब्यातलं पीठ ३८. अठ्ठ्याहत्तरातून अठ्ठ्याहत्तर गेले. शून्य अंश. गणित बर्फ मागतं. चाचांनी हे गणित कागदावर कधी मांडलं असेल असं मला वाटत नाही, त्यांच्याकडे भुशातली लादी होती. यीस्ट हा जिवंत जीव आहे. ३५ अंशांपर्यंत त्याला जितकं तापवाल तितका तो धावतो. धावता धावता साखर संपवतो, मद्य आणि आम्ल मागे टाकतो, आणि कणकेतली ती चिवट जाळी, जिच्यात हवा अडकते, ती सैल पडत जाते. दोन तासांनी झाकण उघडेपर्यंत अमळनेरच्या त्या परातीतलं सगळं नाटक दीड तास आधीच संपलेलं असणार.

प्रकाशकांना फोन केला. ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीत करू. त्यांचंही खरं आहे, छापलेल्या हजारातल्या सहाशेच्या वर प्रती गेल्या होत्या आणि उरलेल्या गोदामात होत्या. मी चिठ्ठी लिहिली: ‘पान ६२, ओळ ९. दोन तास हा वेळ हिवाळ्याचा आहे. उन्हाळ्यात यीस्ट २ ग्रॅम, पाणी बर्फाचं, आणि कणीक दुप्पट होईपर्यंतच. तिला ४० मिनिटंही पुरतील.’ अर्ध्या पानावर छापून घेतली आणि गोदामात बसून दोन दिवसांत उरलेल्या प्रतींत चिकटवली. पण गेलेल्या सहाशे प्रती कुणाकुणाच्या ओट्यावर आहेत ते मला माहीत नाही. नंदुरबारात असेल कुणी, शिरपुरात असेल. कुणीतरी पान ६२ उघडून, मोजूनमापून, आनंदानं पीठ भिजवत असेल.

अशा वेळी मला तो केळीवाला आठवतो.

नोकरीतलं माझं तिसरं वर्ष होतं. बाजारभावाची चौकट माझ्याकडे असायची: केळी, कापूस, ज्वारी, मका. संध्याकाळी फोनवर भाव यायचे, मी उतरवून घ्यायचे. एका रात्री केळीचे १,०४० चे १,४०० झाले. क्विंटलमागे ३६० रुपयांचा फरक, नुसता एक चार एका घराला सरकून. सकाळी अकराला रावेरकडचा एक शेतकरी ऑफिसात आला. पांढरी टोपी, पायजम्याला केळीच्या चिकाचे काळे डाग. ते डाग कधी जात नाहीत. त्यांनी खिशातून पेपरची घडी काढली, टेबलावर उलगडली आणि चौकटीवर बोट ठेवलं. ‘हे तुम्हीच लिहिलं का?’ मी हो म्हटलं. पहाटे व्यापाऱ्याची माणसं घड काढायला आली होती, गाडी घेऊन. यांनी पेपर दाखवून त्यांना परत पाठवलं. गाडी शेजारच्या बागेत गेली. त्यांनी आवाज चढवला नाही. पाणी मागितलं, प्यायले, ‘बरं’ म्हणाले आणि जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर खाली चार ओळींची दुरुस्ती छापून आली. पण काढणीला आलेला घड उन्हाळ्यात दुरुस्तीची वाट बघत थांबत नाही. त्यांचे घड पुढे किती भावानं गेले, गेले की नाही, हे विचारायला रावेरला जाणं काही अवघड नव्हतं. तीनदा ठरवलं. तीनदा दुसरीच बातमी आली.

नोकरी सोडली त्याला आता बरीच वर्षं झाली. कारणं नेहमीचीच, त्यात शिरत नाही. लोक विचारतात, बातम्या सोडून पाव कसा काय? मी आधी सांगायचे की हातानं काहीतरी करावंसं वाटलं. ते अर्धंच खरं होतं. मला असं काही लिहायचं होतं जे वाचणारा माणूस स्वतः करून बघेल. बातमी कुणी करून बघत नाही. कृती करून बघतात, आणि ती खरी की खोटी हे तासाभरात ओट्यावर कळतं. हे आपलं आपण निवडलेलं आहे, हे पान ६२ नंतर मला नीट समजलं.

म्हणून या वेळी मी गेले. बाईंना फोन करून विचारलं, येऊ का? त्या म्हणाल्या, ‘या की, पण दुपारच्या उन्हात फिरू नका.’ सकाळच्या गाडीनं निघाले. पाळधी, धरणगाव, अमळनेर. हीच लाइन पुढे नंदुरबारवरून सुरतेला जाते, आणि खान्देशातल्या किती घरांची पोरं त्या लाइनवरून गेली आणि आखाजी-दिवाळीपुरती परत येतात, ते डब्यातल्या पिशव्यांवरून कळतं. सुरतेच्या साडीदुकानांच्या त्या पिशव्यांत परतीला पापड, बिबडे, कळण्याचं पीठ. अमळनेरच्या चौकातून थर्मासभर बर्फ घेतला आणि रिक्षानं गावात पोचले. काळ्या मातीची शेतं भेगाळून पडलेली, बांधावर कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग.

नातवंडं आदल्याच दिवशी सुरतेला परत गेली होती. ओसरीतल्या तुळईला झोका तसाच बांधलेला होता. सोडवत नाही, म्हणाल्या.

परात घेतली. मी काटा काढला, यीस्टचे दोन ग्रॅम मोजले, माठाच्या पाण्यात बर्फ घातला. मळायला हात पुढे केला तर त्यांनी परात स्वतःकडे ओढून घेतली. पुस्तकात मी लिहिलंय, दहा-बारा मिनिटं मळा. त्यांनी पाण्याचा हात लावून कणीक उचलली, परातीत आपटली, ओढली, दुमडली, पुन्हा आपटली. पाच मिनिटांत ती अशी झाली की मी तिचा तुकडा बोटांवर ताणला तर पलीकडचा त्यांचा चेहरा दिसला, न फाटता. ‘पुरणाच्या मांड्यांची कणीक अशीच करतो ना आम्ही,’ त्या म्हणाल्या. तेव्हा माझी आजी समोर उभी राहिली. ओलवून दळलेले आणि कापडानं गाळलेले गहू, पुरण भरलेला गोळा, तो या कोपरावरून त्या कोपरावर झुलवत झुलवत हातभर रुंद करायचा, आणि पालथ्या खापरावर असा टाकायचा की एक सुरकुती पडू नये. तिच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक डाग होते. लहानपणी मला ते बांगड्यांसारखे दागिनेच वाटायचे. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन अशी दोन प्रथिनं असतात, पाणी आणि हात लागला की त्यांची जाळी होते, हे मी पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात फार मन लावून लिहिलंय. ते लिहिताना मला मांडे आठवले नव्हते. आता आठवले आणि घशात काहीतरी दाटलं. बाईंनी कणकेवर ओलं फडकं टाकलं, परात माठाच्या घडवंचीखाली सरकवली. तिथं सकाळपासून पाणी ठिबकून जमीन गार झालेली होती. माझ्या मनात ही जागा आली नसती. मी वहीत लिहून घेतलं.

पस्तीस मिनिटांत कणीक दुप्पट झाली. गोळे करून डब्यात लावले, पुन्हा फुगू दिले आणि लाईट गेली. छोटा ओव्हन बंद. तासभर तरी येणार नाही, त्या म्हणाल्या. आणि डब्यातले गोळे तर समोर वर वर येत होते. मी घाबरले असेन, कारण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मागच्या अंगणात चूल पेटवली. पऱ्हाट्या धडाडून पेटतात आणि झरझर बसतात. त्यांच्या निखाऱ्यावर जाड बुडाचं पातेलं, आत उलटी ताटली, तिच्यावर डबा, पातेल्यावर झाकण आणि झाकणावर निखारे. आम्ही दोघी धुरात डोळे पुसत बसलो. पंचवीस मिनिटांनी झाकण उचललं. एका अंगाला पाव चांगलाच करपला होता. बाकीचा वर आलेला, तपकिरी, चिरेतून वाफ सोडत होता. करपलेली बाजू कापून आम्ही एकेक तुकडा तूप लावून खाल्ला. त्या बराच वेळ चावत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मीठ बरोबर शे.’

उरलेला पाव त्यांना सुरतेला पाठवायचा होता. शेजारचा मुलगा रात्रीच्या गाडीनं निघणार होता, तो सकाळी नातवंडांच्या घरी पोचवणार. मला आठवत होतं की गार होण्याआधी गुंडाळला तर पाव सादळतो, म्हणून आम्ही तो सुपात उघडा ठेवला आणि झोक्यावर बसलो. अंधार पडता पडता पोरगा आला. मी सवयीनं कोनाड्यातला पेपर ओढला आणि पहिलं पान पसरलं.

‘पेपरात नको,’ बाई म्हणाल्या, ‘शाई लागते.’ आणि आत जाऊन पेटीतून धुतलेल्या धोतराचं मऊ फडकं घेऊन आल्या.